एकोणीस खाडे

उन्हाळ्यात आर्वीत राहून पहाटे चारला उठायचा संकल्प सोडणारा माणूस एक तर महात्मा असावा लागतो, नाही तर बाहेरगावचा. मी जन्मानं आर्वीचा. महात्म्याचा आश्रमही याच जिल्ह्यात, एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगा. म्हणजे मला दोन्ही बाजूंनी अक्कल असायला हवी होती.

आमच्याकडे एप्रिल लागला की लोक गच्चीवर झोपायला जातात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत पाठ भाजतो. मग डासांची पाळी. दोनच्या सुमारास वीज जाते आणि खाली कूलरसमोर झोपलेलेही उशी बगलेत मारून वर येतात. साडेतीनला कुठून तरी एक गार झुळूक येते आणि अख्खी आर्वी एकदम झोपते. इथल्या माणसाची उन्हाळ्यातली खरी झोप साडेतीन ते सहा, एवढीच. मी गजर लावला होता चारचा.

याचं मूळ एका कास्तकारात आहे. माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. आमच्या धंद्यात माल जूनमध्ये जातो आणि पैसा कापूस निघाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढे-मागे येतो. मधल्या काळात दुकानदाराजवळ असते ती फक्त वही. माझ्याजवळ वहीसुद्धा धड नव्हती. बिलांच्या पाठी, बियाण्याच्या पाकिटांचे फाडलेले कोपरे, आणि घाईच्या दिवसांत स्वतःचा तळहात, एवढ्यावर माझी उधारी लिहिलेली असे. तळहाताची उधारी जेवणाआधी हात धुतले की माफ व्हायची. मार्चमध्ये मी एका म्हाताऱ्या कास्तकाराला सात हजारांची आठवण दिली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि बंडीच्या खिशातून माझ्याच अक्षरातली पावती काढून काउंटरवर ठेवली.

"जानेवारीतच देल्ले न भाऊ," तो म्हणाला. "असू द्या. तुमच्या डोक्शाले लय काम असते."

शिवी दिली असती तर परवडलं असतं.

पाडव्याला मुलगी पुण्याहून आली होती. तिनं हा किस्सा ऐकला आणि म्हणाली, "बाबा, दुकान चालतंय, तुम्ही चालत नाही." जाताना ती सवयींवरचं एक जाडजूड पुस्तक ठेवून गेली. अमेरिकेतल्या लोकांना या विषयाचं भारी वेड. स्टीफन कोवी नावाच्या गृहस्थानं 1989 मध्ये परिणामकारक माणसाच्या सात सवयी सांगितल्या. त्यानंतर लहान सवय, त्याहून लहान सवय, अणूएवढी सवय अशी उतरत्या भाजणीची पुस्तकं येत गेली. मी दोन रात्रींत सगळं वाचलं. त्या दोन रात्री वही लिहिली असती तर मार्चपर्यंतचा हिशेब पुरा झाला असता, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

पुस्तकी माणूस आधी आकडा शोधतो. मला 21 सापडला. कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते, असं आपल्याकडे शाळेतला पाहुणा वक्ताही सांगतो. मुळात हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातला. नाक-तोंड बदललेल्या पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढच्या लोकांनी त्यातला 'किमान' गाळला, नाकही गाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र 96 माणसं घेऊन खरोखर मोजून पाहिलं. 2010 मध्ये छापलेल्या त्यांच्या हिशेबात मधला आकडा निघाला 66 दिवस. कोणाला 18 पुरले, कोणाला गणितानं 254 लागले असते. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची रेंगाळली. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात होतं. हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याच्या आधाराने पहिलाच दिवस चुकवला.

संकल्प चार. पहाटे चारला उठणं. रोज दहा हजार पावलं. उधारी त्याच दिवशी वहीत. आणि खर्रा बंद.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी खर्रा सांगायला हवा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेलेवाला तो हातानं घोट घोट घोटतो आणि गिऱ्हाईक समोर गावच्या राजकारणावर बोलत उभं राहतं. माझा खर्रा सव्वीस वर्षांचा. दातांच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं, तोंडात तीन बोटं उभी घालून दाखवा. माझी अडीच गेली. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कॅन्सरची भीती असते, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावली. बाहेर आलो आणि धक्का बसल्यामुळे एक खर्रा खाल्ला.

नोंद कशी ठेवायची, याचा आदर्श मला बेंजामिन फ्रँकलिनमध्ये सापडला. वीज आणि पतंगवाला तोच. त्यानं तेरा सद्गुणांची वही केली होती. दिवसभरात ज्या गुणात चूक झाली त्याच्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. म्हणजे जमलं त्याची नोंद नाही, चुकलं त्याची. तेरांतला 'व्यवस्थितपणा' त्यालाही अखेरपर्यंत जमला नाही, असं त्यानं आत्मचरित्रात कबूल केलंय, आणि तेव्हापासून तो मला घरचा वाटतो. आता वही विकत आणा, ओळी आखा, हे माझ्यानं होणं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय होतं. 1973 पासून मराठी घरांत तारखांच्या चौकटी आयत्या आखून येतात, त्या सोडून फ्रँकलिन आणखी काय देणार होता? शेजारी दोरीला लाल बॉलपेन लटकलेलं होतंच. उठलो नाही की त्या तारखेवर फुली. ठरलं.

ते लाल पेन तिथे का लटकलेलं असतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

पहिल्या पहाटे चारला गजर झाला. मोबाइलवर मी मुद्दाम देवळातल्या घंटेचा आवाज निवडला होता, सात्त्विक सुरुवात म्हणून. उन्हाळ्यात गच्च्या एकमेकींना लागून. घंटा वाजली तशी डाव्या गच्चीवरचे काका उठून बसले, उजव्या गच्चीवरचं बाळ रडायला लागलं, मागच्या गच्चीवरून कोणी तरी "कोनाचं हाये बे ते?" असं विचारलं. खालून आईनं विचारलं, "काहून रे, कोनी गेलं का?" एवढ्या गोंधळात झोपून होता तो एकटा मीच. हे मला आठ वाजता काकांनी सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते वैतागायचेही थांबले. पंधरवड्यानं रस्त्यात भेटले ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यामुळे माझं सकाळचं उठणं सुरू झालं बघा. प्राणायाम होतो, झाडांना पाणी होतं. रिटायर झाल्यापासून जे जमलं नव्हतं ते तुमच्या गजरानं केलं." सवयींच्या पुस्तकांचा एवढा खणखणीत पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही. फक्त माणूस चुकला.

दहा हजार पावलांचं म्हणाल तर जागा उत्तम होती. पुलगाव-आर्वी ही अडीच फुटी रुळांची गाडी 1917 साली सुरू झाली, पस्तीस किलोमीटरची, मुख्यतः इथला कापूस पुलगावच्या मोठ्या लाइनीवर नेऊन घालायला. यवतमाळ-अचलपूरकडच्या तिच्या बहिणीसारखीच हिलाही लोक शकुंतला म्हणत. ती बंद पडून जमाना झाला. म्हातारी माणसं सांगतात, चालत्या गाडीतून उतरून, झाडाआड जाऊन येऊन परत त्याच डब्यात बसता यायचं. तिच्या जुन्या वाटेच्या कडेनं मी चालायला लागलो. पहिल्या दिवशी दोन हजार आठशे पावलं झाली आणि चप्पल तुटली. दुसऱ्या दिवशी सतराशे. मग एक दिवस दुकानाच्या कामानं मोटारसायकलवर पुलगावला जाऊन आलो आणि खिशातल्या मोबाइलनं माझं अभिनंदन केलं. रस्त्यातल्या खड्ड्यांची त्यानं पावलं मोजली होती. पाच हजार तीनशे! बसल्या जागी! त्या महिन्यात मी पुलगावला सहा वेळा कामं काढली.

बायकोला फोनवर हे सांगितलं. मुलीची परीक्षा म्हणून ती चार तारखेलाच पुण्याला गेली होती. तिनं विचारलं, "पण दहा हजारच का? हे कोणी ठरवलं?" मी शोधलं. ठरवलं होतं एका जपानी कंपनीनं. 1965 मध्ये त्यांनी पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' असं ठेवलं. "म्हणजे दुकानदारानंच सांगितलेलं ना," ती म्हणाली. मी दुकानदार असल्यामुळे गप्प बसलो. आमच्याच जिल्ह्यातून विनोबा 1951 च्या मार्चमध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनासाठी पायी निघाले. 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूदान मिळालं, आणि मग तो माणूस तेरा वर्षं चालतच राहिला. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन निघायचे म्हणतात. खिशात मोजायला काही नव्हतं. खिसाच नव्हता.

उधारीच्या वहीसाठी मी टमाटरची पद्धत धरली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातलं टमाटरच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी. मी मोबाइल लावला, वही उघडली, आणि चौथ्या मिनिटाला एक कास्तकार आला.

"थांबा जी, पंचवीस मिनिटं," मी बोट वर केलं. "टमाटर चालू आहे."

तो बसला. पंखा पाहिला, पोत्यावरचं छापील वाचलं. मग हळूच म्हणाला, "भेदरं का? औंदा भेदरायचं बी चांगलं आलं का?"

"बी नाही हो. पद्धत आहे. इटलीची."

"असं." थोडा वेळ गेला. "ड्रिपवर?"

पंचवीस मिनिटं संपेपर्यंत दुकानात पाच माणसं जमली होती आणि आर्वीत यंदा इटलीचं भेदरं येतंय ही बातमी बाजार समितीपर्यंत पोचली होती. पुढे आठवडाभर मी वेगवेगळ्या गावच्या लोकांना तसं काही नाही हे समजावत होतो. वहीत त्या दिवशी दोन ओळी झाल्या. दुसरी अर्धी होती.

एक मे. सुट्टीचा दिवस. बायको आदल्या रात्री पुण्याहून आली होती. महिना संपला की गवळी पैसे न्यायला येतो, तसा तो सकाळी आला. आई देवळात गेली होती. बायकोनं सवयीनं कालनिर्णयचं एप्रिलचं पान पाहिलं, हिशेब केला आणि सहाशे साठ रुपये त्याच्या हातावर ठेवले.

गवळ्यानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "वहिनी, हे काय जी?"

"अकरा दिवसांचे. एक लिटरनं. एकोणीस खाडे आहेत."

तुम्ही मराठी घरात वाढला असाल तर पुढचं सांगायला नको. दूध आलं नाही की कॅलेंडरवर फुली पडते, आणि त्या फुलीला खाडा म्हणतात. लाल पेन त्यासाठीच लटकलेलं असतं. माझ्या लग्नाआधीपासून ते तिथे आहे. मी चहा घेत बंगईवर बसलो होतो. ते पान, त्या फुल्या, आणि त्यांचा खरा मालक हे सगळं माझ्या डोक्यात एकदमच जुळलं आणि बंगई थांबली.

"एकोणीस?" गवळ्याचा आवाज गल्लीभर गेला. "म्या महिन्याभरात एक खाडा केला वहिनी. हनुमान जयंतीले. तेबी आजीले सांगून. हे पाहा माही वही." त्यानं शर्टाच्या खिशातून पिवळी पडलेली छोटी वही काढली. प्रत्येक घराचं एक पान. आमच्या पानावर एकोणतीस टिंबं आणि एक गोल. माझ्या दुकानाची वही अशी असती तर तो म्हातारा कास्तकार मार्चमध्ये कशाला आला असता?

"मग या फुल्या कोणी केल्या?" बायकोनं विचारलं.

शेजारचे काका झाडांना पाणी घालत होते. त्यांचा पाइप थांबला. समोरच्या खिडकीचा पडदा सरकला. आईही नेमकी तेव्हाच देवळातून आली. मी कबूल केलं. फ्रँकलिनपासून सांगायला घेतलं होतं, पण पतंगापर्यंत पोचायच्या आतच बायकोनं हात वर केला.

गवळ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंजे भाऊ झोपून राहिले, अन् खाडा माह्या म्हशीवर?"

यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.

एक हजार ऐंशी रुपये आणखी देऊन, त्याची दोनदा माफी मागून मी बाहेर पडलो. पाय कुठे गेले ते सांगायला नको. रिकाम्या मनानं मी ठेल्यावर उभा राहिलो आणि म्हटलं, आपणही आज महिन्याची उधारी फेडून टाकू, एक तरी काम स्वच्छ होईल. ठेलेवाल्यानं खालून वही काढली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

"एकशे सव्वीस."

मी म्हटलं, असं कसं? मी तर सोडलाय. त्यानं हातातली पन्नी घोटायची थांबवली नाही. माझ्या मनातल्या हिशेबात मी दिवसाला फार तर एकावर आलो होतो, कारण मित्राबरोबर अर्धा-अर्धा केलेला मी धरत नव्हतो, दुकानातल्या पोराला पाठवून आणलेला धरत नव्हतो, आणि जेवणानंतरचा तर औषधासारखा असतो. त्याच्या वहीत हे सगळे खर्रेच होते. वीस रुपयांनी दोन हजार पाचशे वीस. दुधाच्या बिलापेक्षा जास्त.

"अन् खाडा?" मी उगाच विचारलं.

त्यानं पान वर-खाली पाहिलं. "एकबी नाई." मग मागची पानं चाळली. मार्च, फेब्रुवारी. "एकबी नाई, भाऊ. तुमच्यासारखं नेमाचं गिऱ्हाईक नाई मिळत."

सव्वीस वर्षं. ना पुस्तक, ना गजर, ना फुल्या. पाऊस, कर्फ्यू, लग्न, बाळंतपण, काही आड आलं नाही. मुलगी झाली त्या दिवशी मी दवाखान्यात उशिरा पोचलो होतो, ते का, हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही. हा लेख घरी कोणी वाचत नाही, या भरवशावर इथे लिहितोय.

पुढच्या रविवारी मी सेवाग्रामला गेलो. शाळेच्या सहलीत गेलो होतो, त्यानंतर आत्ताच. घरी सांगितलं, चिंतनाला जातो. खरं म्हणजे गल्लीतून निदान एक दिवस बाहेर काढायचा होता. बापूकुटीच्या मातीच्या भिंती मे महिन्यातही गार लागतात. आत साप धरायचा चिमटा आणि पेटी ठेवलेली आहे. धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा. मला माझा गजर आठवला. गांधीजी इथे राहायला आले ती तारीख 30 एप्रिल 1936. वय सहासष्ट. वर्धेत मुक्काम हलवायला ज्या माणसानं 30 एप्रिल निवडला त्याच्याशी आपली बरोबरी नाही, हे मला त्या एका तारखेवरून कळलं. एकादश व्रतांपर्यंत जायची गरज पडली नाही. गावाचं नाव तेव्हा सेगाव. टपाल शेगावला जायचं, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम केलं. निदान एवढी अव्यवस्था त्यांच्याही वाट्याला आली होती, याचं मला बरं वाटलं.

तिथे एका गोष्टीनं मात्र मी थबकलो. गांधीजींच्या आश्रमांत प्रार्थनेच्या वेळी हजेरी व्हायची. नाव पुकारलं की 'हजर' म्हणून भागत नसे. आज सूत किती कातलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागे. एवढे मोठमोठे देशभक्त. कोणी बॅरिस्टर, कोणी तुरुंगातून आलेले. तरी रोज संध्याकाळी कोणी तरी विचारायचंच. त्यांच्या मनोनिग्रहावर सोडून दिलेलं नव्हतं. माझ्या फुल्या मला कोण विचारत होतं? मी आणि फ्रँकलिन. आणि फ्रँकलिन जाऊन दोनशे वर्षं झाली.

येताना वर्धेला उतरून गोरसपाक घेतलं, दोन पुडे. एक बायकोला, एक गवळ्याला.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. ती साडेचारला उठते. सडा, अंघोळ, तुळस. 'सवय' हा शब्द तिच्या तोंडी नाही, तिच्याकडे 'नेम' असतो. कार्तिक पौर्णिमेला कौंडण्यपूरला जाते, तोही नेम. एकदा मी विचारलं होतं, कंटाळा नाही येत? म्हणाली, "देव वाट पायते न रे." तिचाही कोणी तरी हजेरी घेणारा आहे, एवढं माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

गवळ्याला पुडा दिला. त्यानं घेतला, पण प्रकरण मिटवलं नाही. इतकी वर्षं तो दूध आईच्या हातात देऊन जायचा. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ते बंद केलं. पहाटे साडेपाचला फाटकाशी सायकल उभी करतो, घंटी वाजवतो आणि मोठ्यानं हाक मारतो, "भाऊ उठले का?" आई पातेलं घेऊन गेली तर म्हणतो, "नाई आजी. भाऊच्याच हाती देतो. अन् भाऊनंच माह्या वहीत टिंब द्यायचं. मंग पुन्हा झगडा नाई." पहिल्या दिवशी मी उठलो नाही. त्यानं पाचदा विचारलं. सहाव्यांदा गच्चीवरून काकांनी उत्तर दिलं, "नाही उठले!" सातव्यांदा समोरच्या खिडकीतून. मी उशी टाकून पळत खाली आलो.

चार वाजताचा संकल्प मी रद्द केलाय. साडेपाच ही आर्वीत माणसासारखी वेळ आहे. दूध तापेपर्यंत दुसरं काही सुचत नाही, म्हणून आदल्या दिवशीची उधारी तिथेच ओट्यावर वहीत उतरवतो. जूनची गर्दी अशीच निघाली, मृगाच्या पहिल्या पावसात दुकानात रांग लागली तेव्हाही. ठेल्यावर मी आता रोख घेतो. उधारी नाही, त्यामुळे त्याच्या वहीत माझं पान नाही आणि किती झाले ते मलाही कळत नाही. ते तसं बरोबर नाही हे मी जाणतो. परवा तीन बोटं घालून पाहिली. अडीचच जातात.

पावलांचं विचारू नका. मोबाइल दुरुस्तीला आहे.

कालनिर्णयवर या महिन्यात दोन खाडे आहेत. दोन्ही म्हशीचे.